हातभर ओगा

कॅरिबू तलाव, उत्तर ऑन्टॅरियो
२० सप्टेंबर १९८१

चि. लोरेट हिस बाबांचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारच्या विमानानं आलं. तुझ्या आत्यानं, डेलिमानं, ते माझ्याआधी वाचलं आणि वर मलाच विचारते, पोरीनं काय लिहिलंय म्हणून! ईरी सरोवराकाठच्या मासळीच्या कारखान्यात तुला काम मिळालं, बरं झालं.

पण तू विचारतेस, ओगा मासे हातभर झाले असतील, मग बोलावणं का धाडत नाही? अगं, कुठले हातभर! तुझी आई गेली त्या वसंतात अंड्यांतून निघालेली पिल्लं ती. दोन वर्षांत जेमतेम वीतभर झालीत. जाताना तू धक्क्यावर वल्ह्याशी हात टेकवलास, मी कोपरापाशी नि बोटांच्या टोकाशी सुरीनं खाच पाडली, आणि तू म्हणालीस की यंदाची पिल्लं एवढी झाली की परत येते. शब्द तुझा. मी मागितला नव्हता.

जंगली तांदूळ झोडून झाला. तुझ्या वाटणीचा डब्यात आहे.

आठवण असू दे.
तुझा,
बाबा

४ ऑक्टोबर १९८१

ती. बाबांस लोरेटचा नमस्कार वि. वि.

बाबा, तुमचे मासे जेवत नाहीत की काय? इथे आपल्या ओगाला वॉलाय म्हणतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत तो हातभर होतो. दिवसाकाठी हजारभर साफ करते मी, मला विचारा! सगळीकडे तसंच असणार, असं धरून चालले होते.

एक खरं सांगू का? रागावू नका. मासे लहानच आहेत हे वाचून हायसं वाटलं. चुलीपाशी आई नाही, ते घर बघायचा अजून धीर होत नाही. आणखी थोडे दिवस द्या मला.

गुडघ्याला अस्वलाची चरबी चोळता ना? आत्याला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
लोरेट

२ जून १९८३

चि. लोरेट हिस आशीर्वाद.

बर्फ परवा फुटलं. मे अख्खा गेला, तळं पांढरंच. ऑक्टोबर सरला की पुन्हा तेच. तूच सांग, मासा वाढणार कधी? पाच महिने खातो आणि सात महिने नुसता जीव धरून राहतो, तुझ्या बापासारखा. तुमचं पाणी उथळ, उबदार, खायला रग्गड. तिथले मासे लाडावलेले.

त्या सालचा एक जाळ्यात आला होता. डोक्यातलं कानाचं हाड फोडून वलयं मोजली, वर्षाला एक अशी बरोबर चार. लांबी दीड वीत. आणखी तीन-एक वर्षं लागतील. मला घाई नाही. हायसं वाटलं असं लिहिलंस, ते लपवलं नाहीस हे बरं केलंस.

आता एकट्यापुरती भाकरी चरबीत तळतो, पण पीठ हातून नेहमी दोघांचंच पडतं. उरलेली कुत्रा खातो. तो जाडा झालाय.

पत्रात खंड नको.
तुझा,
बाबा

१७ ऑगस्ट १९८६

चि. लोरेट, डेलिमाआत्याचा आशीर्वाद. आधी तुझा कान धरते, मग पुढचं.

तू दर उन्हाळ्यात विचारतेस, मासे झाले का. तो दर उन्हाळ्यात कळवतो, अजून नाही. तुझंही भागतं, त्याचंही. काल मी त्याच्याबरोबर जाळं ओढायला गेले. चांगला दांडगा ओगा आला. त्यानं वल्ह्यावर आडवा धरला, मान हलवली, छोटा आहे म्हणाला आणि दिला सोडून. मी म्हटलं, म्हाताऱ्या, डोळे गेले का तुझे? हा तर हातभर आहे!

डोळे खरंच गेलेत गं. दोन्हींत मोतीबिंदू आहे, खाच बोटानं चाचपतो. तर मीही चाचपली. वल्ह्यावर दोन नाहीत, तीन खाचा आहेत. तिसरी चार बोटं पुढे, ताज्या लाकडाची. तुझी जुनी खाच त्यानं डिंक भरून बुजवलीय. विचारलं तर म्हणतो, पोरीचा हात वाढला असेल. सव्विसाव्या वर्षी कुणाचा हात वाढतो का?

मी सांगितलं असं त्याला कळवू नकोस. कळवलंस तरी मी भीत नाही.

माया आहे म्हणून बोलते.
डेलिमाआत्या

३१ ऑगस्ट १९८६

ती. बाबांस नमस्कार वि. वि.

आत्याचं पत्र आलं. मी कारखान्यात बाकावर बसून रडले, मासे तसेच पडून राहिले. डोळ्यांचं मला का नाही सांगितलंत? आणि खाच का सरकवलीत? मी मोकळी राहावी म्हणून का? सध्या हंगाम जोरात आहे, रजेचं विचारून बघते. पण आधी मला खरं कारण कळवा.

राग धरू नका.
तुमची,
लोरेट

१४ सप्टेंबर १९८६

चि. लोरेट हिस आशीर्वाद.

डेलिमाच्या पोटात काही राहत नाही, लहानपणापासून असंच. हे पत्र तिच्याचकडून लिहवून घेतोय, म्हणजे तिला वाचायचे कष्ट नकोत.

तुला मोकळीक देण्याइतका मी मोठ्या मनाचा नाही, पोरी. गेल्या वर्षीच त्या सालचा एक ओगा दोन्ही खाचांना भिडला. मी होडीत बसून राहिलो. मासा लहान होता तोवर तू शब्द मोडलेला नव्हतास. तो हातभर झाला, मी कळवलं, आणि तरीही तू आली नाहीस, तर मग मी कशाची वाट बघायची? म्हणून घरी आलो आणि नवी खाच पाडली.

डिंक आज काढून टाकला. खरं लिहितो : मासे झालेत. मंगळवारी विमान येतं तेव्हा मी धक्क्यावर असतो. टपालासाठी जातो, असं समज.

लोभ हातभर नसला तरी चालेल, वीतभर असू दे.
तुझा,
बाबा