टोचणारा ‘स’

प्रिय कानसेनबाई,

आपली अंगाईगीतांची रेकॉर्ड काल घरी पोचली. सुनेनं लगेच लावली आणि मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. म्हणजे वाईट वाटली तर तोंड लपवायला जागा. नात सुनेच्या मांडीवर होती. दुसऱ्या अंगाईला नातीचे डोळे मिटले आणि पुढच्या अंगाईला सुनेचे! श्रोते झोपले म्हणून आनंदानं रडलेली गायिका जगात मी एकटीच असेन.

झाला भोंगा सुरू, असं म्हणशील. म्हण. हॉस्टेलात मला ते नाव पडलं आवाजामुळे, आणि तुला कानसेन, कारण जिन्यावर रेक्टर आल्यात की कुणी मुलगी, हे तू खोलीत पडल्या पडल्या सांगायचीस. पुढे मी गात राहिले आणि तू स्टुडिओत काचेपलीकडे रेकॉर्डिंगच्या यंत्रांपाशी जाऊन बसलीस. लोकांनी टाळ्या मला दिल्या. पण तुझ्या हाताखालून गेलेलं माझं एकही गाणं ऐकताना मला कधी मान खाली घालावी लागली नाही, हे मी तुला आजवर धड सांगितलेलं नाही. आपल्यात कौतुक करायची पद्धतच नव्हती, नुसतं खेचायचो एकमेकींना.

जबड्याचं ऑपरेशन होऊन नवे दात बसले आणि माझ्या प्रत्येक ‘स’ला शिट्टी फुटली. घरी बोलताना चालून जायचं. पण तुझ्या माइकसमोर ‘सावली’ म्हटलं की सुई टोचल्यासारखं व्हायचं. रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांनी पहिली अंगाई ऐकली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “बाई, राग मानू नका, पण यानं झोपलेलं मूल उठून बसेल. चाली तुमच्याच ठेवू, गायला एखादी तरुण मुलगी घेऊ.” मी पर्स उचललीही होती. तू खुर्चीतून न उठता त्यांना म्हणालीस, “साहेब, बाहेर जाऊन निवांत चहा घ्या. संध्याकाळी ऐका, मग ठरवा.” पैसा त्यांचा, स्टुडिओचं भाडं ते देणार, तरी ते मुकाट्यानं गेले. मीसुद्धा पर्स परत खाली ठेवली.

मग तू माझ्या आवाजाची एक प्रत काढलीस. तिच्यातलं गाणं, सूर, शब्द सगळं गाळून टाकलंस आणि नुसता टोचणारा सकार ठेवलास. मला हेडफोनवर ऐकवलास तेव्हा हसूच आलं. सापानं अंगाई म्हणावी तसा फुस्स फुस्स! “ही प्रत कुणी ऐकायची नाही,” तू म्हणालीस, “ही फक्त कॉम्प्रेसरला, म्हणजे आवाज दाबणाऱ्या यंत्राला ऐकवायची. इकडे फुस्स वाढलं, की तो तिकडे तुझ्या खऱ्या आवाजाचा तेवढाच वरचा भाग दाबेल. फुस्स संपलं, की सोडून देईल. साइड चेन म्हणतात याला.” मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं कळलं.

पहिल्यांदा जास्त दाबलं गेलं आणि मी ‘सांज’ची ‘थांज’ करणारी बोबडी बाई झाले. तुला मी म्हटलं, “असू दे गं, पोरांना काय कळतंय!” तू असं बघितलंस की मी हेडफोन पुन्हा कानाला लावला. मग तू एकेक ओळ घेतलीस. ‘शांत’चा श वेगळा, ‘सोनुल्या’चा स वेगळा, कुठे सैल सोडलंस, कुठे घट्ट धरलंस. प्रत्येक ओळ झाली की मला विचारायचीस, “टोचतंय?” मी म्हणायचे, थोडं. तू पडद्यावरच्या त्या आलेखाकडे डोळे बारीक करून बघायचीस, बोटभर काहीतरी सरकवायचीस आणि पुन्हा, “आता?” मध्येच कोपऱ्यातली, वीज गेली तर यंत्रं चालू ठेवणारी बॅटरीची पेटी बारीक आवाजात टिवटिवायला लागली. बराच वेळ झाला तरी तू ढिम्म. शेवटी मीच उठून बटण दाबलं. तू म्हणालीस, “काय केलंस?” मी म्हटलं, काही नाही, पाय मोकळे केले.

संध्याकाळी साहेब आले, डोळे मिटून ऐकलं आणि इतकंच म्हणाले, “बाईच गाणार.” तू वायरी गुंडाळायला लागलीस, जसं काही झालंच नाही.

आज सकाळी भावजींचा फोन आला. तू स्टुडिओ बंद करणार म्हणतेस, यंत्रांना गिऱ्हाईकही बघितलंस म्हणे. “कंटाळली असेल,” असं ते म्हणाले. मी हूं केलं आणि फोन ठेवून हे लिहायला बसले, कारण फोनवर मी बोलले असते तर तू हसून विषय बदलला असतास. वरचे बारीक आवाज तुला ऐकू येईनासे झालेत ना गं, त्या पेटीच्या टिवटिवीसारखे? मी हे कुणाला सांगितलेलं नाही, भावजींनाही नाही. पण जो ‘स’ तुला स्वतःला नीट ऐकूही येत नव्हता, तो तू आलेख बघून, हाताला असलेल्या सवयीनं आणि माझ्या ‘थोडं टोचतंय’वर विश्वास टाकून असा बसवलास, की साहेबांना एकही खोट काढता आली नाही. अशी बाई यंत्रं विकून घरी बसणार असेल तर मी आधी गाणं सोडते. साहेबांना आणखी एक रेकॉर्ड हवी आहे. मी तुला न विचारता हो म्हटलंय. अट एकच, माझं गाऊन झालं की काचेपलीकडे तू आणि तुझ्या शेजारच्या खुर्चीत मी. जे टोचेल ते मी सांगेन, त्याचं काय करायचं ते तूच ठरवायचंस. आणि मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडे आपल्या दोघींची वेळ घेतली आहे, माझेही कान बघू दे त्यांना. सकाळी गाडी घेऊन येते. तयार राहा. भांडायचं असेल तर वाटेत भांडू.

तुझीच,
भोंगा