इनास शिंप्यांची मापाची वही

॥ श्री ॥

शिवाजी पेठ, कोल्हापूर
५ ऑक्टोबर १९५५

चि. त्र्यंबकास आक्काचे अनेक आशीर्वाद. मलकापूरला हेडमास्तर झाल्यापासून तुला थोरल्या बहिणीला चार ओळी लिहायला सवड होत नाही, म्हणून मीच लिहिते.

आपले इनास शिंपी लॉकअपमध्ये आहेत. आई वारली म्हणून गोव्याला गेले. परतायचा परवाना मिळेना, म्हणून रानवाटेनं आले आणि सापडले. गोवा पडला पोर्तुगीजांचा, आता त्यांना परत तिकडंच धाडणार म्हणे. रोजाबाई आणि दोन मुली इथं राहणार. पन्नास सालाआधीपासून ते इथं राहतात असं दोन प्रतिष्ठितांनी सतरा तारखेला कचेरीत साहेबांपुढं लिहून दिलं, नाहीतर तसा लेखी पुरावा दाखवला, तरच सुटतील.

मदतीला पेठ धावली आहे. तालमीनं निषेधाचा ठराव केला. काल एका दिवसात अकरा घरांतून पुरणपोळ्या आल्या; रोजाबाईच्या पोरी आता पोळी पाहिली की पळतात. सहीचं नाव काढलं की मात्र वकील हंबीरराव मनगट धरून बसतात. तू ये आणि सही कर.

तुझी आक्का


मलकापूर
८ ऑक्टोबर १९५५

ती. आक्कास त्र्यंबकाचा सा. न. वि. वि. पत्र वाचून हृदय हेलावले. प्रार्थनेनंतर मुलांपुढे माणुसकीवर पाऊण तास बोललो. दोघांना भोवळ आली, इतका परिणाम झाला.

सहीचे मात्र अवघड आहे. मी पडलो नोकरदार. शिवाय त्या गृहस्थांशी माझा परिचय तो किती? कधी एखादा सदरा शिवला असेल. त्या कुटुंबासाठी जुने कपडे एस.टी.ने पाठवत आहे. थोडे उसवले आहेत, तेवढे शिवून घ्यावेत.

तुझा आज्ञाधारक
त्र्यंबक


कोल्हापूर
११ ऑक्टोबर १९५५

चि. त्र्यंबकास आशीर्वाद. शिंप्याच्या घरी उसवलेले कपडे धाडणारा दाता मी आजवर पाहिला नव्हता. नवरा लॉकअपमध्ये, आणि रोजाबाई तुझ्या विजारीला टाके घालतेय.

पुराव्याची काळजी मिटली. मशीनच्या खणात इनासची मापाची वही सापडली. एक्केचाळीस सालापासूनची, तारीखवार, मोडक्या मराठीत. गिऱ्हाईकानं काय सांगितलं तेही लिहिलं आहे. हंबीररावांची कंबर पहिल्या पानावर एकोणतीस, यंदाच्या पानावर त्रेचाळीस. निवडणुकीतला त्यांचा नवा कोट म्हणजे सासऱ्यांचा जुना, उलटून शिवलेला. आणि सेहेचाळीसच्या मे महिन्यात, लग्नाच्या कोटाखाली, असं आहे: त्र्यंबक मास्तर, छातीत दोन्हीकडं कापूस भरणे, मुलीकडच्यांना कळू न देणे.

सतराला दोन सह्या झाल्या तर वही लागणार नाही. नाहीतर साहेब ती भर कचेरीत मोठ्यानं वाचायला लावतील. हंबीररावांना तसं सांगून आले. त्यांचं मनगट तिथल्या तिथं बरं झालं. म्हणाले, वहीबिही कशाला काढतायसा, मी येतो की.

आक्का


मलकापूर
१४ ऑक्टोबर १९५५

ती. आक्कास सा. न. वि. वि. पुष्कळ चिंतन केले. नोकरीपेक्षा मनुष्यधर्म मोठा. इनासजी तर आपले घरचेच. सोमवारी पहिल्या गाडीने येतो. वही तुझ्याच कपाटात कुलपात ठेव. सौ.च्या नजरेस पडू नये.

त्र्यंबक


कोल्हापूर
२० ऑक्टोबर १९५५

चि. त्र्यंबकास आशीर्वाद. इनास काल घरी आले. धाकटी पोर त्यांचा सदरा सोडेना. पाहून माझे डोळे भरून आले. येत्या रविवारी तालमीत तुझा आणि हंबीररावांचा माणुसकीबद्दल सत्कार आहे. बोल हवं तेवढं, पण ऐकणाऱ्यांना बसायला सांग.

मी ऐटीत इनासना वहीचा पराक्रम सांगितला. ते हसले नाहीत. साहेबांनी पहिल्याच दिवशी पुरावा मागितला, तेव्हा त्यांना ती वही आठवली होती. पण माणूस शिंप्याला विश्वासानं जे सांगतो ते कचेरीत उघडं करायचं नसतं, असं म्हणाले. मुलींच्या आठवणीनं रोज रडले, पण वहीचं नाव काढलं नाही. मला माझी फार लाज वाटली, त्र्यंबक.

तुम्हां दोघांची माफी मागायला त्यांनी मला सांगितलं आहे. ती मी मागते. तू त्यांची कधी मागतोस ते कळव.

लोभ अजून आहे. तो राहील असं वाग.

आक्का