सुवर्णाचे सात

मंगळवार, संध्याकाळ, भिंगार

सुवर्णाला निबंधात नऊपैकी सात. मला साडेपाच. लाल पेनाने केवढे मोठे सात लिहिलेत सरांनी!

मी इंग्रजी माध्यमातली, त्यात आई इंग्रजीची शिक्षिका. सुवर्णा बेलापूरची, घरी उसाची शेती, दहावीपर्यंत मराठी शाळा. परदेशी शिकायला जाण्यासाठीच्या या परीक्षेच्या क्लासला आम्ही एकाच बाकावर बसतो. मग हे असं कसं?

विषय होता, मुलांना स्पर्धा शिकवावी की सहकार्य. माझी सगळी वाक्यं पाठ केलेली. सर म्हणाले, "हे तू लिहिलंयस की गाइडने?" तिचा निबंध मात्र मोठ्याने वाचून दाखवला. त्यात उदाहरण कुणाचं, तर माझं! स्वतःची परीक्षा असूनही सगळ्या नोट्स देणारी मैत्रीण. अख्खा क्लास माझ्याकडे बघत होता. बाहेर पडल्यावर तिने माझा हात धरला, "तू हुतीस म्हनून जमलं बघ."

सगळ्या नोट्स! उदाहरणं कशी द्यायची, ती शेवटची दोन पानं मी मुद्दाम काढून ठेवली होती. याच वहीत आहेत ती. आणि सरांना आवडलं ते नेमकं उदाहरणच.

उद्या देऊन टाकू का? 'राहून गेली होती' म्हणेन, आणि तिला ते खरंही वाटेल. त्याचाच तर राग येतोय.

तिच्या निबंधातली ती मैत्रीण किती चांगली आहे. आता मला तिचाही हेवा वाटायला लागलाय.