आईच्या कपाळावरचा लाल रंग

ती. सौ. आईस,
निशिगंधाचा मंगळवार पेठेतून नमस्कार.

मी बरी हाय. जेवण वेळेवर होतंय. बाबा जाऊन चार महिने झाले, पण अजून रडू येत न्हाय. ऑफिस सुटलं की चित्रांच्या क्लासला जाते, तेवढंच. गगनबावड्यात पाऊस थांबला का? तुझा गुडघा काय म्हणतोय?

काल सरांनी घरातलं माणूस आठवून रंगवायला सांगितलं. मी तुला काढलं. हाताच्या सवयीनं कपाळावर ठसठशीत कुंकूही काढलं. सर म्हणाले, "जमलंय की!" मग माझ्या ध्यानात आलं. पुसायला ब्रश ओला केला, पण हात चालेना.

तसंच ठेवलंय. आता बघते तर पत्रात वर 'सौ.' लिहून गेलंय. तेही खोडत न्हाय. भावकीला काय म्हणायचं ते म्हणू दे, तू कुंकू लाव.

तुझी,
निशी