माझ्या डिझेलच्या फोटोंची वाटणी

लिहून ठेवणार: वसराम रतनसिंग राठोड, वय बावीस, धंदा फोटो स्टुडिओत मदतनीस, राहणार कयाधूकाठचा तांडा, तालुका हिंगोली, जिल्हा परभणी.

आज माझं डोकं ठिकाणावर आहे. ते रोज ठिकाणावर असतं असं आमच्या तांड्यात कोणी म्हणणार नाही, पण आज आहे. मी प्यालेलो नाही, कोणी मला भरीला घातलेलं नाही, आणि हे लिहिताना कोणी माझ्या उशाशी उभं नाही. आज संध्याकाळच्या गाडीनं मी हैदराबादला निघणार, तिथे दवाखान्यात भरती होणार. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यात काळजाची एक झडप आवळून बसली. डॉक्टर ती उघडणार आहेत. उघडली तर म्हातारा होशील, असं ते हसून म्हणाले. नाही उघडली तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. म्हणून माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचं काय करावं ते लिहितो.

कचेरीपुढच्या अर्जनवीसांना विचारून आलो. ते आधी हसले. "तुह्यापाशी हाय काय रे वाटायला? मिशी तरी धड फुटली का?" मग चष्मा पुसून दोन गोष्टी बजावल्या. साक्षीदार दोन पाहिजेत, त्यांनी माझ्यादेखत सही करायची. आणि ज्याला कागदात काही दिलं, त्याला साक्षीला घ्यायचं नाही. घेतलं तर त्याच्या नावचं देणं रद्द धरतात. या दोन्ही गोष्टी मी ध्यानात ठेवल्या आहेत. दुसरीनं मला किती तकलीफ दिली ते पुढे येईलच.

कलम १. शेत आणि घर माझे वडील रतनसिंग, आमचे बापू, यांचं आहे. त्यात माझा जो हिस्सा निघेल तो त्यांनाच. आज्याच्या तांड्यातल्या म्होरक्या बैलाची पितळी घंटा मात्र आज्यानं मला हातात दिली होती, ती माझी. आमचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे. रेल्वे आली आणि ते काम गेलं. आजा मरेपर्यंत रुळाकडे पाठ करून बसायचा, आणि नातू त्याच रुळाच्या कडेला कॅमेरा घेऊन उभा. वडील म्हणायचे, "ज्यानं आपलं खाल्लं त्याचेच फोटो काढून राहिला." मी उलट बोललो, ताट भिरकावलं. आता ताट भिरकावणार नाही. घंटा वडिलांकडे राहावी. त्यांना वाजवावीशी वाटली तर वाजवावी.

कलम २. पोस्टातलं पुस्तक माझी याडी, म्हणजे आई, भिकाबाई हिचं. त्यातून माझ्या नावानं जेवण घालू नये. त्यातून तिचा चष्मा करावा, हिंगोलीतच, आणि बापूंनी सोबत जावं. माझा एकही फोटो तिला नीट दिसलेला नाही. इंजिनाला ती काळा बैल म्हणते. "ह्यात तू कुठं हाईस?" असं प्रत्येक फोटोत शोधते. फोटो काढणारा फोटोत नसतो गं, म्हणालो, तर म्हणाली, "मंग काहाला काढतोस?" याचं उत्तर मला कॉलेजातही सापडलं नाही.

कलम ३. क्लिक-थ्री कॅमेरा, त्याची चामडी पिशवी आणि उरलेली दोन रिळं आमच्या स्टुडिओचे मालक किसनराव यांना. त्यांनी मला अंधाऱ्या खोलीची किल्ली दिली आणि कधी विचारलं नाही की लग्नाचे फोटो धुवायच्या पाण्यात ही इंजिनं कुठून आली. कॅमेरा शोकेसमध्ये मांडू नये, चालवावा. त्याचा पडदा सावकाश उघडतो, पळती गाडी बाजूनं घेतली तर नुसता पट्टा येतो. वळणावर समोरून घ्यावी.

कलम ४. माझी सायकल स्टेशनातला पोर्टर जळबा याला. ती तशीही त्याच्याच दारात असते. आमच्या लाईनीवर अजून सगळी वाफेची इंजिनं, डिझेल येतं कधीमधी, आणि कोणत्या दिवशी येईल ते जळबाला वरच्या स्टेशनातून कळतं. तो त्या दिवशी आपला लाल शर्ट स्टेशनच्या कुंपणावर वाळत घालायचा. बाजारातून तो शर्ट दिसला की मी सुटलोच. एकदा त्यानं तो शर्ट खरोखरच धुऊन वाळत घातला होता. मी दिवसभर उन्हात, आणि आली कोळशाचीच. त्या दिवशी मी त्याच्याशी भांडलो. "आमी शर्ट धुवावा का न्हाई मग?" एवढंच तो म्हणाला. ते भांडण मी या कलमान्वये मागे घेतो.

कलम ५. वहीत चिकटवलेले डिझेलचे सगळे फोटो ज्या ज्या ड्रायव्हरचं तोंड त्यात दिसतं त्याला द्यावेत. जळबा त्यांना ओळखतो. गाडी न थांबता निघाली तरी पुढे जायच्या परवानगीचा गोळा वेताच्या कडीत घालून ड्रायव्हरच्या हाती देतात, तसा फोटोही देता येईल.

फक्त एक फोटो, ज्यात नुसता करडा पट्टा आला आहे, तो परभणीच्या कॉलेजातल्या आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना पोस्टानं पाठवावा. दुसऱ्या वर्षी त्यांनी माझ्या वहीतून फोटो खाली पडलेला पाहिला आणि सगळ्या वर्गाला दाखवून म्हणाले, "राठोड, इंजिनाचे फोटो काढून पोट भरतं का?" मी म्हणालो, "तुमचं भरतं ना आम्हाला हे शिकवून." वर्ग हसला. सर म्हणाले, माफी माग. मी वह्या बाकावर ठेवल्या आणि उठून आलो, तो परत गेलोच नाही. मागे वळून पाहिलं तर माफी मागणं दोन मिनिटांचं काम होतं. पण फोटो त्यांना पाठवावाच.

आता डिझेलच काहून, हे लोक विचारतात. वाफेच्या इंजिनाला धूर आहे, शिट्टी आहे, फोटोत ते राजासारखं दिसतं. डिझेल म्हणजे पत्र्याची पेटी. खरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी तेरा-चौदा वर्षांचा असताना वसमतच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि ती माझ्याही कानात दिली. ठोका, ठोका, मग मधेच एक अडखळल्यासारखा, मग पुन्हा ठोका. त्यानंतर कित्येक रात्री मी कुशीवर झोपलो नाही, कान उशीला लागला की ते ऐकू यायचं. पुढे पहिलं डिझेल आलं तेव्हा समोरून येणाऱ्या गाडीसाठी ते स्टेशनात थांबलं होतं. उभ्या उभ्या धग् धग्, मधेच एक ठोका गाळल्यासारखा, पुन्हा धग् धग्. लोक म्हणाले, बिघडलं वाटतं. ड्रायव्हर म्हणाला, ह्याची चालच अशी हाय. आणि अशी चाल असूनही ते मागे अख्खी मालगाडी ओढून निघून गेलं. त्या दिवसापासून मी दुसऱ्या कशाचा फोटो मनापासून काढला नाही. एक सोडून.

कलम ६. तो एक फोटो. त्याची निगेटिव्ह आणि एकुलती एक प्रत गोल बिस्किटाच्या डब्यात, आमच्या घरी कणगीमागे आहे. हा कागद मी सरकारात नोंदवणार नाही, घरीच राहील, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

तांड्याच्या वाटेवर जे रेल्वेचं फाटक आहे त्याचे गेटमन भावसिंग पवार. गाडी जाताना गेटमननं स्वतः हिरवा झेंडा धरून उभं राहायचं, हा नियम. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी भावसिंगमामा हिवतापानं खाटेवर कुडकुडत पडले होते. वरती कळवायचं राहून गेलं होतं. गाडी आली तेव्हा फाटक लावून झेंडा धरला तो त्यांच्या मुलीनं, चंदानं. मी वळणावर होतो. समोरून डिझेल, आणि माझ्या आणि डिझेलच्या मधे ती. एका हातात झेंडा सरळ, दुसऱ्या हातानं वाऱ्यानं उडणारी ओढणी धरलेली. ड्रायव्हरनं तिला हात केला. मी खटका दाबला. फोटोत इंजिन हललं आहे. ती हललेली नाही.

हा फोटो कोणा साहेबाच्या हाती पडला तर मामांची नोकरी जाते. त्यांना कुठून तरी कळलं. आले आणि म्हणाले, "रीळ दे." नुसतं "देतो मामा" म्हणालो असतो तर आज मी त्यांच्या ओसरीवर चहा पीत असतो. मी म्हणालो, "फोटो माझा हाय." त्यांनी झेंड्याची काठी माझ्या पाठीवर मोडली. वर म्हणाले, "अन् मामा म्हणू नको. मामा म्हणायचं अन् मंग पोरगी मागायची, समजतं मला." तेव्हापासून मला फाटकाच्या पलीकडे पाय ठेवायची बंदी, तांड्याची ये-जा लांबच्या वाटेनं.

मी तो फोटो कोणाला दाखवलेला नाही. किसनरावांनाही नाही. पण मी नसलो आणि कोणी डबा उघडला तर? म्हणून ती निगेटिव्ह आणि ती प्रत चंदा भावसिंग पवार हिला द्यावी, तिच्याच हातात. तिनं जाळावी की ठेवावी ते तिनं ठरवावं. जाळण्याआधी एकदा उजेडात धरून पाहावी, एवढी विनंती. आणखी जे लिहायचं होतं ते या कलमात बसत नाही.

कलम ७. चंदाला पाहायला सेनगावकडचा एक एसटीचा कंडक्टर येऊन गेला, असं ऐकतो. त्याच्यासाठी एक कलम लिहिलं होतं. ते वाचून जळबा म्हणाला, "एवढ्या शिव्या कागदात मावल्या तरी कशा?" ते खोडलं आहे. त्याला काही नाही.

इथे कागद संपायला हवा होता. पण साक्षीदार कुठून आणू? किसनरावांना दिलं, जळबाला दिलं, याडी-बापूंना दिलं. ज्याच्यावर माझा जीव त्या प्रत्येकाच्या नावे मी काही ना काही लिहून बसलो. जळबा म्हणाला, "आता ज्याच्यासंगं तुहं वाकडं हाय त्याच्याकडंच जा." आणि हिशेब बराबर होता. राहिले होते फक्त भावसिंगमामा.

पुरवणी. हे मी फाटकावर बसून लिहीत आहे. दुपार आहे.

मी फाटकाच्या अलीकडेच उभा राहिलो आणि दवाखान्याचं सांगितलं. मामांनी आधी खाटेवरची गोधडी बाजूला सारली. मग म्हणाले, "इकडं ये. उभा नको राहू उन्हात." खाटेवर बसवलं. विचारलं, "मह्या नावानं काय लिवलंस?"

"काहीच नाही मामा."

"मंग बराबर. अंगठा देतो. पण वाचल्याबिगर न्हाई देणार. चंदे, वाच बरं मोठ्यानं."

ती बाहेर आली. तिनं कागद घेतला आणि पहिलं कलम वाचायला सुरुवात केली. तेवढ्यात गाडीची घंटी झाली. मामा झेंडा घेऊन फाटक लावायला गेले. ती मनातच पुढे वाचत राहिली. मी तिच्या बोटाकडे पाहत होतो. बोट ओळीखालून सरकत सहाव्या कलमापाशी आलं आणि थांबलं.

मला वाटलं ती आत निघून जाईल. ती म्हणाली, "डोस्कं हाय का तुमाला?"

मी म्हणालो, "काहून?"

"फोटोनं बाबाची नोकरी जाईल म्हणता, अन् कुणी झेंडा धरला, कवा धरला, सगळं कागदावर लिवून ठेवलं. फोटो तरी डब्यात हाय. ह्यो कागद तर तुमी गावभर साक्षीदार शोधत फिरवून राहिले."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खरोखर आलं नव्हतं. मी म्हणालो, फाडून टाक. ती म्हणाली, "फाडू काहून?" आणि मग, अगदी हळू, "ह्ये साक्षीदाराचं खरं हाय? सही केली की त्याच्या नावचं रद्द?"

"अर्जनवीस तर तसंच म्हणाले."

गाडी आली. डिझेल होतं. जळबानं शर्ट वाळत घातला असणार, मी पाहिलाच नव्हता. कॅमेरा माझ्या पिशवीत होता, तो पिशवीतच राहिला. जमीन थरथरली, गाडी गेली, मामांनी झेंडा गुंडाळला. तोवर तिनं माझ्या खिशातलं पेन घेतलं होतं.

मामा येऊन म्हणाले, "काय लिवलंय?"

"तुमच्या नावानं काही न्हाई."

"अन् तू काहून सही करून राहिलीस?"

"दोन साक्षीदार लागतात ना बाबा. दुसरा कुणी उरलाच न्हाई म्हणतेत. समद्यांना वाटून बसले."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि शाई मागितली. अंगठा उठवताना म्हणाले, "कंडक्टरवाले आठ दिसांनी येणार हायेत. त्यांना सांगतो, जरा थांबा म्हणून." मग फाटक उघडायला गेले. बैलगाड्या खोळंबल्या होत्या.

ती मला म्हणाली, "मह्यासाठी जे हाय ते कागदानं नको. येऊन हातात द्या."

त्यामुळे कलम ६ रद्द झालं आहे. ती निगेटिव्ह आता कोणाच्याच वाट्याला जात नाही. ती माझी आहे, आणि ती पोचवायला मला स्वतः परत आलं पाहिजे. डॉक्टरांना हे सांगावं की नाही याचा विचार गाडीत करीन. बाकीची कलमं कायम. हा कागद आमच्या घरी न ठेवता चंदानं आपल्याजवळ, झेंड्यांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे.

हे सर्व मी माझ्या अक्षरात लिहिलं, दोघांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: हिंगोली स्टेशनाअलीकडचं फाटक
तारीख: २० फेब्रुवारी १९७७

सही: वसराम रतनसिंग राठोड

साक्षीदार १: भावसिंग पवार, गेटमन. डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार २: चंदा भावसिंग पवार, वय एकोणीस. सही.
(सहीखाली तिच्याच अक्षरात:) समदं वाचलं. समजलं.