खिडकीत राहिलेली लस

बंगळुरू, १२ नोव्हेंबर

आबा,

जयभीम. मी बरी आहे, इथलं जेवण आता अंगी लागतंय. डोळ्याच्या ऑपरेशननंतर चष्मा लावून वाचता येतं का? आईचा गुडघा कसा आहे?

मी इथं नेमकं काय करते, असं तुम्ही विचारलं होतं. गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचा विषाणू म्हणजे प्रोटीनच्या बारा पाकळ्या जुळून झालेला चेंडू. लशीत तो मेलेला असतो, पण चेंडू अखंड असला तरच जनावराचं अंग त्याला ओळखायला शिकतं. गरम झाला की पाकळ्या सुटतात, लस वाया जाते. त्या पाकळ्यांचे सांधे घट्ट कसे होतील, ते मी शोधते.

मे महिन्यात, मी घरी असताना, गावातल्या गुरांना लस टोचणाऱ्या किसनकाकांनी लशीची बाटली आपल्या फ्रिजमध्ये ठेवली होती. आमरसाचं पातेलं बसेना म्हणून मी ती खिडकीत काढली आणि विसरले. दुपारी हात लावला तर चटका बसला. गुपचूप परत ठेवली. लस वाया गेली हे मला कळत होतं, आबा. पण तुम्ही अख्ख्या डाळज गावात सांगत होता, "माझी ज्योत्स्ना लशीतली हाय." मग चूक कबूल करायची लाज वाटली.

काकांनी तीच लस टोचली आणि आपली चिमी कालवड त्याच रोगानं गेली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "किसननं पाणीच टोचलं." तेव्हापासून काकांचा आपल्याकडचा चहा बंद आहे.

फोनवर जीभ उचलत नाही. हे पत्र घेऊन त्यांच्याकडं जा. चष्मा मुद्दाम घरी विसरा आणि त्यांनाच वाचून दाखवायला सांगा.

तुमची चुकलेली लेक,
ज्योत्स्ना