विहिरीतली हवा

बाई, तुम्ही गेल्यालाही आता खूप वर्षं झाली. मी स्वतः शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. वायूंचा धडा आला की दर वर्षी आमच्या वाडीतली विहीर डोळ्यांसमोर यायची, पण ती गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही. आज तुम्हालाच लिहायला बसले आहे.

तुम्ही वसईला आमच्या शाळेत शिकवायला नव्याने आला होतात आणि आमच्या शेजारी खोली घेऊन राहत होतात. शाळेत सामान जेमतेम. राजोडीच्या किनाऱ्यावरचे शिंपले आम्हीच गोळा करून आणले. त्यांवर आम्ल ओतून तुम्ही एका भांड्यात वायू धरलात, आणि आम्हाला रिकामं दिसणारं ते भांडं जळत्या मेणबत्तीवर कलतं केलंत. ज्योत विझली. आम्ही मुलींनी टाळ्या वाजवल्या, तशा तुम्ही रागावलात. "ही जादू नाही. हा वायू हवेपेक्षा जड आहे, खोलगट जागी साचतो. तिथे माणूस उतरला तर त्याचीही हीच गत."

त्याच उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा गाळ काढायला घेतला. पाणी तळाला गेलं होतं, केळीचा पाला त्यात कुजलेला. धाकटे काका आधी उतरले. बाबांनी वरून हाक मारली तर ओ नाही. वाकून पाहिलं तर काका गाळात आडवे. बाबा दोर आणायला धावले आणि मी तुमच्या दाराकडे. आपण पोचतो तेव्हा बाबांचा एक पाय विहिरीत आहे. तुम्ही त्यांचा दंड धरता. "दादा, थांबा! आधी कंदील सोडा खाली."

"भाव हाय माझा खाली! तुमी कोन मला अडवनार?"

कोणीतरी कंदील सोडला. अर्ध्या विहिरीतच तो विझला. बाबांनी ते पाहिलं, तरी ते हिसके देतच राहिले आणि तुम्ही दंड सोडला नाहीत. तुमच्या सांगण्यावरून गडी वरून पाण्याच्या घागरी ओतू लागले, झावळ्यांचा भारा दोराला बांधून खाली-वर करू लागले. हवा हलली. दुसरा कंदील तळापर्यंत जळत राहिला, तेव्हा कुठे तुम्ही हात सोडलात. बाबांनी काकांना वर आणलं, पण त्यांच्यात जीव नव्हता.

काकी तुमच्याकडे बोट दाखवून ओरडली, "हिनं मारला माझा घरधनी!" तरी तुम्ही काकांचं दिवसकार्य होईपर्यंत रोज संध्याकाळी येऊन ओटीवर बसत राहिलात आणि आमच्या घरातलं कोणी तुमच्याशी बोललं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही दुसऱ्या गावी गेलात. बाबा थकल्यावर एकदा आपणहून म्हणाले, "त्या बाईंना मी सादं पानी पन विचारलं नाय गं." मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मी पुष्कळदा विचार केला आहे. उन्हाळ्यात वरची हवा तापून फुगते, हलकी होते. विहिरीतली गार हवा जड, ती जागची हलत नाही, आणि कुजक्या पाल्याचा वायू तिच्यातच साठत जातो. तुमचं बरोबर होतं. बाबा तसेच उतरले असते तर दोघंही गेले असते, हे मी कोणालाही पटवून देऊ शकेन. फक्त काकीला पटवता आलं नाही. ती जाईपर्यंत मी तिच्यासमोर तुमचं नाव काढलं नाही.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. काका मला वरून दिसत होते. माझे फार लाडके काका. तरी तुम्ही बाबांना धरून उभ्या होतात तेव्हा मी मनात एकच म्हणत होते: बाई, सोडू नका.